२४९९ रुपयांची रेडीमेड हॉस्पिटल बॅग मागवली होती, त्याचा खरा अनुभव

आठवा महिना लागला तसं जो तो बॅग भरली का, बॅग भरली का विचारायला लागला. मी तेव्हा ऑफिसला जात होते, संध्याकाळी घरी येईपर्यंत पाय सुजून टम्म, दुकानं हिंडायचं त्राणच नव्हतं, म्हणून ऑनलाइन रेडीमेड हॉस्पिटल बॅग मागवली, आई आणि बाळ दोघांचं मिळून २४९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, असली किट आता बरेच जण विकतात आणि मी फोटो बघून तुलना केली तेव्हा आत थोडंफार तेच सामान दिसलं. आता लेक अडीच महिन्यांची झालीये, काय वापरलं आणि काय कपाटात तसंच पडलंय ते डोक्यात आहे तोवर लिहिते.

आधी जे खरंच चांगलं निघालं ते. मॅटर्निटी पॅड आणि डिस्पोजेबल पँटी. माझं सिझर झालं, आणि सिझर झालं तरी अंगावरून जायचं ते जातंच, पहिले दोन-तीन दिवस तर खूप, नेहमीचे पॅड टिकतच नाहीत. पँटी बेंबीपर्यंत वर येणाऱ्या होत्या त्यामुळे इलॅस्टिक टाक्यांवर आलं नाही, हे ज्यांचं सिझर झालंय त्यांनाच कळेल की किती मोठी गोष्ट आहे. फक्त पॅड दिलेत १०, ते दीड दिवसात संपले, नवऱ्याला रात्री खालच्या मेडिकलमध्ये पळावं लागलं. अजून दोन पाकिटं वेगळी घेऊन ठेवाच.

आता गाऊन. फोटोत फार सुंदर दिसतो, फिकट गुलाबी, फीडिंगसाठी दोन बाजूंना चेन, पण बाह्या मनगटापर्यंत आणि अरुंद. हातात सलाइनची सुई, त्यावर पट्ट्या चिकटवलेल्या, वरून नळी. सिस्टरने दोनदा प्रयत्न केला, बाही सुईला अडकून ठणका लागला तसं मी म्हटलं राहू दे. शेवटी आईने तिचा घरातला जुना सुती गाऊन दिला, पुढून पार पोटापर्यंत बटणं, बाह्या आखूड आणि सैल, धुऊन धुऊन मऊ झालेला. डिस्चार्ज होईपर्यंत तो आणि तसाच दुसरा, आलटून पालटून तेच दोन घातले. ज्यांनी ही किट बनवली त्यांनी एकदा तरी सलाइन लावलेल्या बाईला तो गाऊन घालून बघायला हवा होता, मला खरंच राग आला होता तेव्हा.

बाळाच्या कपड्यांचं पण तेच. दिसायला गोड, पण झबली डोक्यातून घालायची. एवढ्याशा जिवाची मान धरायची का कपडा ओढायचा? वॉर्डातल्या मावशी बघूनच म्हणाल्या, "ताई, बंदाची झबली नाहीत का?" होती, कारण आई आधीच तुळशीबागेत जाऊन घेऊन आली होती, पुढून बांधायची, मलमलची, सोबत टोपडी आणि तिकोनी लंगोट. सासूबाईंचं म्हणणं होतं की बाळ व्हायच्या आधी नवं काही आणायचं नाही, त्यांनी नणंदेच्या मुलाची जुनी झबली धुऊन उन्हात वाळवून दिली आणि त्यांच्या सुती साडीची सहा दुपटी शिवली. तर पहिल्या दिवशी लेकीच्या अंगावर जुनंच झबलं होतं आणि तेच सगळ्यात मऊ होतं.

एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही, किटमध्ये "फ्री गिफ्ट" म्हणून दुधाची बाटली होती. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे की बाटल्या आणि दुधाची पावडर अशी भेट म्हणून वाटायची नाही. पहिल्या दिवशी दूध येत नाहीये असं वाटून बाई आधीच घाबरलेली असते, त्यात बॅगेत बाटली समोर दिसली की हात तिकडेच जाणार. आमच्या सिस्टरने अर्धा तास माझ्याजवळ बसून बाळाला अंगावर घ्यायला शिकवलं, चीक थेंबभर आला तरी पुरतो, बाळाचं पोटच एवढंसं असतं हे समजावून सांगितलं. टॅल्कम पावडरचा डबा पण होता, बाळाच्या डॉक्टरांनी बघताच घरी पाठवायला सांगितला, ती नाकात जाते.

आणि जे सगळ्यात लागलं ते किटमध्ये नव्हतंच. रात्री अडीचला पाणी गेलं, नवरा फाइल शोधतोय, सोनोग्राफीचे रिपोर्ट एका ड्रॉवरमध्ये, पॉलिसीचं कार्ड दुसरीकडे, आधार माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये. कॅशलेसच्या काउंटरला हे सगळं लागतं. बॅगेला सहा कप्पे आहेत पण कागदांसाठी एकही चेनचा नाही. मणक्यात भूल दिल्यावर मला काही तास डोकं उचलू नको असं सांगितलं होतं, पाणी द्यायची परवानगी मिळाली तेव्हा स्ट्रॉ नव्हता, चमच्याने पाजलं. लांब वायरचा चार्जर, चप्पल, सोबत राहणाऱ्याला पांघरूण, हे पण आपलं आपणच बघायचं.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सिस्टर आली आणि म्हणाली बाळाचे कपडे द्या. नवऱ्याने तिथे बाकड्यावर अख्खी बॅग उपसली, सगळं वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या सीलबंद पाकिटात, फोडता फोडेना, हात थरथरत होते त्याचे. आईने तिच्या पिशवीतून एक रुमालाची पुरचुंडी काढून दिली, आत एक झबलं, एक टोपडं, लंगोट आणि दोन दुपटी. बस, तेवढंच लागलं तेव्हा. नवीन कपडे धुतल्याशिवाय बाळाला घालायचे नसतात, मग ही सीलबंद पाकिटं तशीच्या तशी बॅगेत ठेवायला देण्यात काय अर्थ आहे मला कळलं नाही.

माझ्याकडून ५ पैकी २, ते पण पॅड आणि पँटीचे, आणि बॅग स्वतः मजबूत आहे, आता लेकीला लसीला नेताना तीच वापरते. पैशांच्या मानाने मला परवडली नाही. मामेबहिणीला सातवा लागलाय, तिला पॅड-पँटी सुट्या मागवायला सांगितल्यात, साधारण ३५ व्या आठवड्यापर्यंत सगळं भरून फाइल बॅगेतच ठेव म्हटलंय, आणि सासूबाईंची दुपटी धुऊन ठेवलीत, ती रविवारी देऊन येणारे.