मृत्युपत्राची सेवा: चार तारे, पाचवा जिन्यात अडकला

साताऱ्यातल्या एका वकीलबाईंकडून मृत्युपत्र करून घेतलं. पुढे तक्रारही आहे, म्हणून नाव लिहीत नाही. माझी सगळी नोकरी कोषागारात गेली, त्यामुळे कागद बारकाईने वाचायची खोड आहे.

फीचे आठ हजार वसूल झाले ते एका गोष्टीसाठी. कुणाला काय द्यायचं ते मी घरूनच लिहून नेलं होतं, ते पाच मिनिटांत उरकलं. मग बाईंनी विचारलं, "काकू, एक्झिक्युटर कोण?" म्हणजे माझ्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा माणूस कोण, आणि तिथे तासभर गेला.

माझ्या मनात मुलगा होता. तो पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. वारसालाच एक्झिक्युटर नेमायला कायद्याची आडकाठी नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं. मग एकेक प्रश्न. बँकेत, तलाठ्याकडे, सोसायटीत खेटे घालायला त्याला रजा मिळेल का? वाटणीला उशीर झाला तर बहिणीला तो मुद्दाम केलेला वाटेल का? त्याच्या बायकोचं आणि नणंदेचं कसं आहे? (या प्रश्नावर मी पाणी मागितलं.) धाकटा दीर सुचवला, तर म्हणाल्या, "तुमच्याहून लहान असले तरी सत्तरीचे आहेत ना? तुमच्यामागे टिकायला हवेत."

शेवटी भाचा ठरला. सेहेचाळीस वर्षांचा, साताऱ्यातच राहतो, देवस्थानचे हिशेब बघतो, त्याला माझ्याकडून काही मिळायचं नाही आणि दोन्ही पोरं त्याला दादा म्हणतात. बाईंनी त्याला बोलावून घ्यायला लावलं, कारण नाव घातलं तरी तो वेळेला नकार देऊ शकतो. तो नसेल तर मुलगा, असं पर्यायी नावही घातलं. कामाचा खर्च इस्टेटीतून घ्यावा, हे वाक्य भाच्याने स्वतः मागितलं, ते मला आवडलं. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये नको, लॉकर उघडायलाच वारसांना कागद लागतात, हा सल्लाही कामाचा.

साक्षीदार दोघे, दोघेही बाहेरचे. मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नसते, नोंदणीही सक्तीची नाही. मी केली, दुय्यम निबंधकाकडे शंभर रुपयांत.

आता तक्रारी. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मृत्युपत्राची गिऱ्हाइकं कोणत्या वयाची असतात? टायपिंगही गचाळ: शेताचा गट नंबर उलटसुलट पडला होता, भाच्याचं मधलं नावच गाळलं होतं. दोन्ही मी पकडलं, कुरकुर न करता दुरुस्त करून दिलं. तरी सही करण्याआधी प्रत्येक पान बोट ठेवून वाचा.

अर्धी फी आधी घेतात, अर्धी नोंदणी झाल्यावर. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.