मोबाईल उघडायला नकार देणारे फॉरेन्सिकवाले

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी ऑफिस सांभाळते. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना दिलेले आमचे भाव फुटतात, असा शेठना संशय. म्हणून विश्रामबागेतल्या या डिजिटल फॉरेन्सिकवाल्यांना (कॉम्प्युटर-मोबाईलमधले पुरावे तपासणाऱ्यांना) बोलावलं, ते दिवाणजींच्या हाताखालच्या पोराचा मोबाईल तपासायला. त्यांनी सरळ नकार दिला. मोबाईल त्याच्या मालकीचा, लेखी तक्रार नाही, नेमकं काय शोधायचं तेही ठरलेलं नाही. शेठ तापले. मला मात्र माणसं तिथंच पटली.

मग ठरलं ते पुढच्या तपासाच्या तयारीचं काम, म्हणजे नियमांचं एक लेखी धोरण. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कशाची नोंद राहते ते नोकरांना आधी लिहून कळवायचं. तपासाला एकट्या शेठची परवानगी पुरणार नाही, दोन सह्या हव्यात. शोध ठरलेल्या तारखांपुरता आणि ठरलेल्या फायलींपुरताच. मध्येच कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट किंवा घरचे फोटो दिसले तर ते अहवालात घ्यायचे नाहीत, चहाच्या टपरीवर तर नाहीच नाही. (आमच्या यार्डात हेच सगळ्यात अवघड.)

सराव म्हणून एका जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क राईट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून हुबेहूब उतरवली. मूळ आणि प्रत, दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे आतल्या माहितीवरून काढलेला आकडी ठसा, जुळवून दाखवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात द्यायच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर हा हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्राचं महत्त्व सांगताना त्यांनी जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल काढला. उमेदवारी अर्ज वेळेत आले का, याच्या व्हिडिओवरून तो वाद होता. लॉग, म्हणजे यंत्रांवर आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे, हे सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २०२२ च्या निर्देशांतलं. आमचा राउटर तर जुनं कधीच पुसून मोकळा होत होता.

तक्रारी आहेत. धोरणाचा नमुना इंग्रजीत आणि वकिली थाटाचा. हमालांच्या मुकादमाला कळेल असा मराठीत मीच बसून उतरवला. आणि सीलबंद प्रत ठेवायला निघाले तळमजल्याच्या कपाटात! २०१९ चा महापूर बघितलेल्या गावात? माडीवर ठेवायला लावली.

शेठचा लॅपटॉप या नियमांतून वगळावा, अशी सूचना शेठकडूनच आली. त्यावर या फॉरेन्सिकवाल्यांनी धोरणाखाली पहिली सही शेठचीच घेतली, हे फार आवडलं.

पाचपैकी चार तारे. भाव कोण फोडतं ते अजून कळलेलं नाही. त्यावरून शेठ बिल अर्धं करायला निघाले होते, मी पूर्ण द्यायला लावलं.