उलिव्हिक, मॉन्ट्रियाल: उत्तरेतून येणाऱ्या पेशंटच्या राहण्याची सोय, माझा रिव्ह्यू

मॉन्ट्रियालच्या एअरपोर्टजवळ डोर्व्हालमध्ये उलिव्हिक नावाची मोठी इमारत आहे. हॉटेल नाहीये ते. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या पार उत्तर टोकाला नुनाव्हिक म्हणून इनुइट लोकांचा (तिकडच्या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी) मुलूख आहे, तिथून उपचारांसाठी शहरात पाठवलेले पेशंट आणि त्यांच्यासोबत आलेलं घरचं माणूस इथे राहतं. १४३ बेड आहेत, २०१६ च्या शेवटी सुरू झालं, आणि चालवतं तिकडचंच इनुलिट्सिव्हिक हेल्थ सेंटर. मी इथल्या एका हॉस्पिटलात सीटी स्कॅनला काम करते, तिथले पेशंट आमच्याकडे कायम येतात, त्यातल्या एकदोन आज्यांना भेटायला मी उलिव्हिकलाही जाऊन आलेय, म्हणून लिहितेय.

आधी हे लोक एवढ्या लांब येतात का ते सांगते, कारण इथल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. नुनाव्हिकमध्ये १४ गावं आहेत, सगळी मिळून वस्ती साधारण चौदा हजार, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही, सगळं विमानाने. हॉस्पिटलं दोनच, कुज्जुआक आणि पुव्हिर्निटुक, आणि तीही छोटी. मोठं ऑपरेशन, कॅन्सर, अवघड बाळंतपण, काहीही निघालं की मॉन्ट्रियाल. कुज्जुआकच इथून जवळजवळ दीड हजार किलोमीटर, बाकीची बहुतेक गावं त्याच्याही पुढे. परळला टाटासमोर फुटपाथवर पथारी टाकून राहणारे पेशंट ज्यांनी पाहिलेत आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा म्हणजे अशा लोकांना केवढा आधार आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उलिव्हिकची किंमत लगेच कळेल.

आता चांगलं काय. राहणं, खाणं, हॉस्पिटलला नेणारी-आणणारी गाडी, अपॉइंटमेंट सांभाळणाऱ्या नर्स, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्या भाषेत बोलणारी माणसं. त्यातली एक आज्जी आमच्या डिपार्टमेंटला आली की खुर्चीत अंग चोरून बसायची, एक शब्द नाही. तीच आज्जी उलिव्हिकच्या लॉबीत बघितली तर दोन गावच्या बायकांना धरून इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, नुसती खळखळून हसत होती, कोणाची तरी नात फोनवर दाखवणं चाललेलं, मला पण हाताला धरून बसवलं. मला वाटलं हीच का ती! डायलिसिससाठी महिनोन् महिने इथे राहणारे लोक आहेत हो, त्यांना असा गोतावळा नसेल तर माणूस खचून जाईल.

जेवणाचं मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं, आपलं खाणं पाहिजे. आपलं म्हणजे कॅरिबू (तिकडचं रेनडिअर हरीण), सील, आर्क्टिक चार मासा. गावाकडून येणारं कोणीतरी थंड पेटीत गोठलेला मासा घेऊन येतं आणि मग शहरातल्या नातेवाइकाच्या घरी जमिनीवर पुठ्ठा पसरायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं, उलु म्हणजे अर्धगोल पात्याची बायकांची सुरी असते, तिने कच्च्या गोठलेल्या माशाच्या पातळ चकत्या काढून तिथेच खायच्या. मला बोलावलं होतं एकदा. ताजा गोठलेला मासा जिभेवर लोण्यासारखा विरघळतो, आणि त्या दिवशी आज्जी जेवढी जेवली तेवढी हॉस्पिटलच्या ट्रेवर कधीच जेवली नाही.

जागेबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती माझ्या एकटीची नाही. एअरपोर्ट जवळ म्हणून सोयीचं, पण आजूबाजूला नुसते हायवे. लहानशा गावातून आलेलं माणूस, त्याला पायी फिरायची सवय, बाहेर पडलं की समोर भरधाव ट्रॅफिक. ऑगस्ट २०२१ मध्ये इथे मुक्कामाला आलेल्या दोन तरुण इनुइट बायका एका दिवसाच्या अंतराने जवळच्या रस्त्यांवर गाडीखाली गेल्या. उपचारांना आल्या होत्या. इतक्या वर्षांनी पण तिथून जाताना मला ते आठवतं.

आणि उलिव्हिकने कितीही केलं तरी पुढे हॉस्पिटलमध्ये काय होतं हा वेगळाच विषय. कुठल्या ते नाव घेत नाही, पण एका हॉस्पिटलच्या काउंटरवर आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं नाव फ्रेंच उच्चारात असं काही पुकारलं की त्यांना कळलंच नाही आपल्याला बोलावतायत, त्या समोरच बसलेल्या, आणि कॉम्प्युटरवर नो-शो, म्हणजे पेशंट आलाच नाही, असं टाकून मोकळे. परत तारीख, परत मुक्काम, घरी पोरं वाट बघतायत. नुनाव्हिकच्या बऱ्याच लोकांची दुसरी भाषा इंग्लिश आहे आणि इथला स्टाफ बोलणार फ्रेंच, त्यात हे पेशंट बोलतात कमी. भुवया वर केल्या म्हणजे हो, नाक आक्रसलं म्हणजे नाही. डॉक्टर फाईलमध्ये बघून प्रश्न विचारतात, चेहऱ्याकडे बघतच नाहीत, आणि मग लिहितात की पेशंट उत्तर देत नाही. पेशंटने उत्तर दिलेलं असतं.

हे लोक दक्षिणेतल्या, म्हणजे मॉन्ट्रियालसारख्या शहरांतल्या, हॉस्पिटलांना घाबरतात त्याला कारण आहे. १९५० च्या दशकात इनुइटांना टीबीसाठी सी. डी. हाव नावाच्या सरकारी जहाजावर तपासायचे, आणि एक्स-रेत डाग दिसला की घरच्यांचा निरोप न घेऊ देता तिथूनच दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये. १९५६ मध्ये दर सात इनुइटांमागे एक जण असा दक्षिणेत उपचार घेत होता. कित्येक जण परतलेच नाहीत, कुठे पुरलं हे घरच्यांना कळवलं नाही. कॅनडा सरकारने माफी मागितली २०१९ मध्ये. आणि हे सगळं काही फार जुनं नाही बरं का, २०१८ पर्यंत क्यूबेकच्या एअर ॲम्ब्युलन्समध्ये आजारी लेकराला एकट्यालाच पाठवायचे, आईला सोबत बसू द्यायचे नाहीत, बालरोगतज्ज्ञांनी मोहीम चालवली तेव्हा कुठे नियम बदलला. आता कोणी आज्जी एक्स-रेच्या दाराशी थबकली तर मी घाई करत नाही.

माझ्या मते खरी चांगली सेवा म्हणजे माणसाला यावंच लागू नये. पुव्हिर्निटुकमध्ये १९८६ पासून स्थानिक सुईणींचं प्रसूतिगृह चालू आहे, तिथल्याच इनुइट बायकांना शिकवून मिडवाइफ केलंय, आधी बाळंतपणासाठी बायकांना आठवडेच्या आठवडे दक्षिणेत एकटं राहायला लागायचं, आता बहुतेक जणींची बाळंतपणं आपल्या माणसांत होतात. तसं बाकीच्या आजारांचं पण व्हायला पाहिजे.

तर उलिव्हिकला माझे ५ पैकी ४, एक कापला तो जागेसाठी. आणि मॉन्ट्रियालमध्ये हॉस्पिटलात काम करणारे आपले मराठी लोक बरेच आहेत, ओटावात बॅफिनचे, विनिपेगला किव्हलिकचे (हेही उत्तरेतलेच इनुइट मुलूख) इनुइट पेशंट असेच येतात, तर तिथल्यांना पण सांगतेय: नाव पुकारून उत्तर आलं नाही तर उठून वेटिंग रूममध्ये जाऊन बघा, दुभाषा आधीच बुक करा, आणि डोळे, दात, एमआरआय जे काय असेल ते शक्यतो एकाच मुक्कामात बसवा, विमानाची एक फेरी वाचते.