फुल फ्रेमची ३५ म्हणून गळ्यात मारलेली डीएक्स

सेकंडहँड लेन्स घेणाऱ्यांनी हे वाचाच. त्यातही लग्नाची कामं करणाऱ्या आणि क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) विकून नुकतंच फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरवर) आलेल्यांनी तर नक्की. मला ज्यानं फसवलं त्यानं खोटी लेन्स दिली नाही, बिघडलेलीही नाही. लेन्स अस्सल निकॉनची, काच स्वच्छ, फोकस झटपट. फसवलं ते ‘३५ मिमी’ या आकड्यावर.

माझ्याकडे निकॉनचा फुल फ्रेम कॅमेरा डी७५० आहे आणि त्यावर ५० मिमीची लेन्स. साताऱ्याकडच्या हॉलमध्ये ५० नं घरच्यांचा फोटो घेणं म्हणजे शिक्षा. नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना मामा-मामी उभे राहिले की मागे सरकावं लागतं, आणि मागे व्हिडिओवाल्याचा स्टँड नाहीतर खुर्च्यांची रांग. आकडा लहान तेवढं फोटोत जास्त मावतं, म्हणून ३५ शोधत होतो.

निकॉननं ऑटोफोकसची ३५ मिमी एफ १.८ जी दोनदा काढली. २००९ ची डीएक्स, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठी. २०१४ ची फुल फ्रेमसाठी. पहिलीची किंमत अमेरिकेत तेव्हा साधारण २०० डॉलर होती, दुसरीची ६००. वापरलेल्या मालातही तफावत राहतेच, आणि या माणसाचा सगळा धंदा त्या तफावतीवर चालतो. ओळखायच्या खुणा सरळ आहेत. डीएक्सच्या बॅरलवर तसं लिहिलेलं असतं, फिल्टरचा व्यास ५२ मिमी, वजन २०० ग्रॅमच्या आसपास. फुल फ्रेमचीचा फिल्टर ५८ चा आणि वजन ३०० ग्रॅमच्या वर.

जाहिरातीत ‘फुल फ्रेम, ५८ मिमी फिल्टर फ्री’ असं लिहिलं होतं. संध्याकाळी स्वारगेटजवळ चहाच्या टपरीवर भेटलो. पोरगा गोड बोलणारा, चहाचे पैसे त्यानंच दिले. लेन्सला काळी व्हिनाइलची स्किन चिकटवलेली. मी नखानं कोपरा उचलायला गेलो तर म्हणाला, “राहू द्या दादा, गोंद बॅरलला राहतो, मग चिकट चिकट होतं.” पुढे फिल्टर खरंच ५८ चा. मागाहून कळलं, खाली ५२ वरून ५८ ला नेणारी स्टेप-अप रिंग घट्ट बसवलेली होती. वजनाचा अंदाज हातावर येत नाही, कारण फिल्टर, रिंग आणि वर धातूचं हूड.

लेन्स माझ्याच कॅमेऱ्यावर लावून बघितली. डी७५० मध्ये ‘ऑटो डीएक्स क्रॉप’ चालू असेल तर डीएक्स लेन्स लागताच कॅमेरा सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो. फोटो मागच्या स्क्रीनवर पूर्ण भरून दिसतो, कोपरे काळे पडत नाहीत, कसली सूचना येत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र आत एक छोटी चौकट उमटते. तीही मी विचारली. उत्तर तयार होतं: “व्हिडिओची गाइड आहे ती.” पैसे यूपीआयनं दिले. हे पुढे उपयोगी पडलं.

पहिल्याच लग्नात मामा-मामी पुन्हा कापले गेले. तीन मीटरवरून फुल फ्रेमवर ३५ मिमी साधारण ३.१ मीटर रुंदी घेते. डीएक्सच्या २३.५ मिमी रुंद सेन्सरवर तीच लेन्स तेवढ्याच अंतरावरून जेमतेम २ मीटर घेते. म्हणजे माझ्या जुन्या ५० पेक्षाही थोडं कमी! गडबडीत वाटलं हॉलच लहान आहे. मग अल्बमवाल्याचा फोन आला, “साहेब, निम्म्या फाइली लहान का पाठवल्या?” डी७५० ची पूर्ण फाइल ६०१६ बाय ४०१६ पिक्सेलची, २४ मेगापिक्सेल. या निघाल्या ३९३६ बाय २६२४, म्हणजे १० मेगापिक्सेल. ३६ इंची पानावर इंचाला ११० पिक्सेलही येईनात.

त्या रात्री स्किन सोलली. खाली सोनेरी अक्षरांत डीएक्स.

फोन केला तर तो जराही गडबडला नाही. “दादा, क्रॉप फॅक्टर समजून घ्या. ३५ गुणिले दीड, साडेबावन्न. तुम्हाला तर स्टँडर्ड लेन्स मिळाली!” वर, ऑटो क्रॉप बंद केला की पूर्ण फ्रेम मिळते, हेही त्यानंच सांगितलं. मिळते, पण कोपरे काळवंडून. लेन्स जे गोल चित्र पाडते तेच मुळात लहान सेन्सरपुरतं. “ते कॅरेक्टर असतं,” हेही ऐकून घेतलं.

त्याचं गणित बरोबर आहे (डीएक्सवरची ३५ फुल फ्रेमवरच्या साडेबावन्नइतकंच दाखवते), म्हणूनच ते इतकं खपतं. आकडा लेन्सचा असतो, पण फोटोत किती मावणार हे आकडा आणि फ्रेम दोघं मिळून ठरवतात. फ्रेमच्या कर्णाच्या आसपासची लेन्स ती त्या फ्रेमची स्टँडर्ड, म्हणजे ना फार रुंद, ना फार जवळचं दाखवणारी. फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिमी, तरी १९२५ च्या लायकापासून ५० ची प्रथा पडली. डीएक्सचा कर्ण २८, म्हणून तिथे ३५ स्टँडर्ड. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरचा २१.६, तिथे २५. आणि डीएक्स लेन्सवर छापलेला आकडा ‘आधीच गुणून’ दिलेला असतो, असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठा. छापलेला आकडा नेहमी खरी फोकल लेंथ असते, लेन्स कुठल्याही फॉरमॅटची असो.

हाच खेळ फिल्म कॅमेऱ्यांत उलट्या बाजूनं चालतो. कोल्हापूरच्या एका मित्राला याशिका मॅट १२४जी दाखवताना विकणारा सांगत होता की ८० मिमी आहे, पोर्ट्रेट लेन्स आहे, म्हणून भाव जास्त. त्या कॅमेऱ्याची ६ बाय ६ सेंटिमीटरची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिमी चौरस असते, कर्ण ७९. त्या कॅमेऱ्यावर ८० ही अगदी साधी स्टँडर्ड, आणि ती बदलताही येत नाही. मामिया आरबी६७ ची १२७ किंवा ४ बाय ५ इंचीच्या कॅमेऱ्याची १५० ‘टेलि’ (दूरचं जवळ दाखवणारी) म्हणून कुणी विकायला लागला तर तोही त्याच शाळेतला.

चौकीत हवालदारांनी विचारलं, “लेन्स चालते का?” चालते म्हटलं. “मग फसवणूक कसली?” त्यांना दोष देत नाही, मलाही दोन मिनिटांत सांगता आलं नाही. शेवटी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यातलं ‘फुल फ्रेम’, सोललेल्या बॅरलचा फोटो आणि यूपीआयची पावती असा अर्ज दिला. चौकीतून एक फोन गेला आणि अर्धे पैसे परत आले. उरलेले गेले ते गेले. लेन्स भाच्याला दिली. त्याच्या डी५६०० या डीएक्स कॅमेऱ्यावर ती उत्तम स्टँडर्ड आहे, पोरगं खूश आहे.

तेव्हा बघायला जाल तर स्किन आणि रिंग समोरच काढायला लावा, कॅमेऱ्यात इमेज एरिया हातानं एफएक्स (म्हणजे फुल फ्रेम) करा, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि कोपरे व फाइलचे पिक्सेल तिथेच तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. त्याची जाहिरात परवा पुन्हा लागली: लेन्स दुसरी, स्किन तशीच, ५८ चा फिल्टर अजून फ्री, भेटायचं ठिकाण आता चिंचवड.