एजमधील इंटरनेट एक्सप्लोरर मोड: तीस दिवसांच्या बोलीवर

माझ्या जुन्या कॅमेरा-रेकॉर्डरचे पान आजच्या कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडले, तर लॉगिन होते, पासवर्डही चालतो, पण चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन येतो. चित्र दाखवणारा अ‍ॅक्टिव्हएक्स घटक (इंटरनेट एक्सप्लोररसाठीचा जुना जोडप्रोग्रॅम) नवी इंजिने, म्हणजे ब्राउझरचे पाने दाखवणारे गाभे, चालवत नाहीत आणि उत्पादकाने नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, देणे केव्हाच सोडून दिले आहे. यंत्र मात्र ठणठणीत आहे. म्हणून मी मायक्रोसॉफ्ट एजमधील इंटरनेट एक्सप्लोरर मोडकडे वळलो.

सेटिंग्जमधील डीफॉल्ट ब्राउझर विभागात या मोडला परवानगी देऊन, एज पुन्हा सुरू करून, हवा तो पत्ता यादीत घालावा लागतो. मग तेवढेच पान इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या ट्रायडंट इंजिनावर उघडते, अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडे ओळखीचा निळा 'ई' दिसतो आणि शेजारच्या टॅबमधील बँकेचे पान एजच्या नेहमीच्या क्रोमियम इंजिनावरच राहते. माझा रेकॉर्डर फक्त एचटीटीपी बोलतो, एचटीटीपीएस हे त्याचे सांकेतिक, सुरक्षित रूप त्याला येत नाही. त्यामुळे इंटरनेट ऑप्शन्समध्ये त्याला विश्वासू साइट म्हणून नोंदवताना एचटीटीपीएसची सक्ती काढावी लागली. ती खूण काढताना हात जरा अडखळला, आणि तो अडखळायलाच हवा.

स्वतंत्र इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. हा मोड निदान २०२९पर्यंत चालेल, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. जुन्या इंजिनाच्या सुरक्षा दुरुस्त्या विंडोजच्या अपडेटमधून येतात, त्यामुळे अपडेट थांबवून हा मोड वापरणे म्हणजे कुलूप काढून नुसती कडी लावण्यासारखे आहे. धोकाही कल्पित नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये याच इंजिनातील त्रुटीचा गैरफायदा ऑफिसच्या फाइलींमधून घेतला गेला होता. २०२५ मध्ये तर हल्लेखोर लोकांना फसवून पान याच मोडमध्ये उघडायला लावत असल्याचे आढळल्यावर मायक्रोसॉफ्टने टूलबारवरील बटण आणि मेनूमधील पर्याय काढून टाकले. एका क्लिकचे काम त्यामुळे सेटिंग्जच्या पायऱ्यांवर गेले. गैरसोय वाढली, तरी हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण घाईत चुकून दाबले जाईल असे काही आता समोर उरलेले नाही.

यादीतील नोंद तीस दिवसांनी संपते, हा सर्वांत वादाचा भाग आहे. संस्थांना मध्यवर्ती यादी ठेवून ही मुदत टाळता येते. घरी वापरणाऱ्याला मात्र दरमहा तोच पत्ता पुन्हा घालावा लागतो. मुदत संपल्याचे काळा चौकोन परत दिसल्यावरच कळते, तेव्हा दोन दिवस आधी सूचना मिळाली असती तर बरे झाले असते. तरीही मुदतच नको, असे मी म्हणणार नाही. आधी माझ्या यादीत तीन पत्ते होते. पुन्हा घालायची वेळ आली, तेव्हा त्यांतले दोन मला आठवलेही नाहीत.