'आमचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे, काका' म्हणणाऱ्यापासून सावध

3,18,200 रुपये. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचा व्हॉल्व्हच्या पार्टांचा कारखाना आहे. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची, कुणीतरी जुन्या रिव्हिजनवर जॉब काढून मोकळा व्हायचा, आयएसओ ऑडिटला कागद शोधताना तारांबळ. म्हणून डॉक्युमेंट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. विकणारा दांडिया बाजारातला, मराठी, लाघवी. 24 जणांचं तीन वर्षांचं लायसन्स 2,40,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 43,200, शिवाय जुन्या फायली चढवायचे 35,000 रोख. रोखीत मागणारा दिसला की तिथेच उठा.

मोबाइलवर टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "आमचं अ‍ॅप स्टोअरवर यायचंय, तोवर हे टाका." निळ्यावर पांढरी तीन वर्तुळं, शेजारी नाव नेक्स्टक्लाउड. माझ्याच अंगठ्यानं इन्स्टॉल दाबलं! "हे कोण?" असं विचारलंसुद्धा. "आमचे टेक्निकल पार्टनर." अहो, नेक्स्टक्लाउड म्हणजे फायली ठेवायचं, वाटायचं सॉफ्टवेअर, 2016 पासून कुणालाही फुकट उतरवून आपल्या सर्व्हरवर बसवता येतं. सर्व्हर सांभाळायचे पैसे जरूर घ्या. यानं फुकटच्या मालावर स्वतःचा लोगो चिकटवून माणशी लायसन्स विकलं. आम्ही लेथवाले, आम्हाला कुठून कळणार? डेमोला कॉलेजात कंप्युटर शिकणारा पुतण्या बसला होता, तोही मान डोलावत होता.

वर्ष भरायच्या आत लॉगिन बंद. डेटा हवा तर 60,000 द्या, वर जीएसटी वेगळा! डोमेन त्याच्या नावावर, अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे. (दोन्ही स्वतःकडे ठेवा, विकणारा कितीही गोड बोलो.) फायली कंप्युटरवर दिसत होत्या, पण 'जागा वाचेल' म्हणून त्यानं व्हर्च्युअल फाइल्स चालू केलेल्या. नुसती नावं, आत शून्य.

पोलीस म्हणाले, "आ तो सिविल मॅटर छे, साहेब." सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, चेक तुम्हीच दिलात, ओटीपी कुठे गेलाय? ठाण्यात जा. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. अर्ज गुजरातीत आणा. आणला, तर पोच द्यायला शिक्का सापडेना! ग्राहक आयोगाचं काढलं तर वकील म्हणतात, 2019 च्या कायद्यात धंद्यासाठी घेणारा ग्राहकच नव्हे. मग मी कोण? पठ्ठ्यानं रिटर्नही भरलं नाही, बिल 2बीत (जीएसटी पोर्टलवरची आपल्या खरेदीच्या बिलांची यादी) आलंच नाही, 43,200 चं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, बोंबललं. पहिल्या बिलानंतर 2बी तपासा, मगच पुढचा चेक फाडा. तीन वर्षांचे पैसे एकदम तर कुणालाच देऊ नका. आणि डेमोत त्याला सांगा, सगळा डेटा आत्ता माझ्या हार्डडिस्कवर उतरवून दाखव.

थोडी ड्रॉइंग क्यूसीच्या (माल तपासणाऱ्यांच्या) जुन्या कंप्युटरवर सापडली, तिथे ते व्हर्च्युअल प्रकरण चालूच झालं नव्हतं. बाकीची पार्ट्यांकडून परत मागवतोय. त्यांना कारण विचारू नका म्हणावं, तर पहिला प्रश्न तोच येतो.