‘द कॉन्व्हर्सेशन’: हेडफोन असतील तरच लावा

फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा १९७४ चा हा सिनेमा मोबाइलच्या स्पीकरवर लावणार असाल, तर राहू द्या. रहस्य सगळं आवाजात आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा युनियन स्क्वेअर. भरगर्दीत एक जोडपं बोलत फेऱ्या मारतंय आणि पैसे घेऊन लोकांचं बोलणं चोरून टेप करणाऱ्या हॅरी कॉलची माणसं ते टिपतायत. उंचावर लांब पल्ल्याचे माइक, शिवाय पिशवीत माइक लपवून मागे फिरणारा एक जण. सुरुवातीलाच जी विचित्र किरकिर ऐकू येते, तिच्यामुळे प्रिंट खराब आहे असं समजू नका. ती माइकची आहे. पुढे हॅरी तिन्ही टेप जुळवतो, मागे-पुढे करतो, वाद्यांचा गोंगाट गाळतो आणि त्याखालून एक वाक्य वर येतं. टेबलावरचं हे काम कपोला घाई न करता दाखवतो. सिनेमातला सर्वांत थरारक भाग हाच, पाठलाग-बिठलाग काही नाही.

सबटायटलच्या भरवशावर मात्र राहू नका. ते वाक्य शेवटी पुन्हा येतं तेव्हा शब्द तेच असतात, फक्त जोर वेगळ्या शब्दावर पडतो. अक्षरांत तो दिसत नाही. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्चने तिथे चक्क वेगळा टेक, म्हणजे त्याच वाक्याचं दुसरं रेकॉर्डिंग, वापरलाय. काहींना ही प्रेक्षकाची फसवणूक वाटते. मला नाही वाटत. आपण तोवर हॅरीच्याच कानांनी ऐकत असतो, आणि त्याला जे ऐकायचं होतं तेच त्याने ऐकलं.

जीन हॅकमनचा हॅरी घरातसुद्धा पातळ, आरपार दिसणारा रेनकोट घालून बसतो. दाराला कुलपांवर कुलपं, तरी घरमालकीण वाढदिवसाची बाटली आत ठेवून जाते, आणि भेट राहिली बाजूला, ती आत आलीच कशी या विचाराने त्याचा जीव कासावीस होतो. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या एका जुन्या कामापायी तीन खून झालेत. ‘मी फक्त टेप करतो’ हे त्याचं पालुपद म्हणूनच पोकळ वाटतं.

धुक्यातलं स्वप्न तेवढं फसलंय. तिथे हॅरी स्वतःची कहाणी तोंडाने सांगतो, जी हॅकमनच्या खांद्यांनी आधीच सांगून झालेली असते.

शेवटच्या शॉटला हेडफोन काढू नका. कॅमेरा पहाऱ्यावरच्या यंत्रासारखा इकडून तिकडे फिरत असतो आणि संगीतकार डेव्हिड शायरच्या पियानोत हॅरीचा सॅक्सोफोन मिसळतो.